पासवर्ड कोणाकडे आहे? : छंदमंडळांच्या वेबसाइटविषयी वाचकांचे प्रश्न

ट्रेकिंग, पक्षिनिरीक्षण, आकाशदर्शन, नाणेसंग्रह अशा मंडळांकडून वेबसाइटविषयी बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे देताना धरून चाललो आहोत की काम करणारे स्वयंसेवक एक-दोनच आहेत, त्यांच्याकडे आठवड्याला दोन तासांहून जास्त वेळ नाही आणि वर्षाचा खर्च वर्गणीतूनच भागवायचा आहे.

आमच्या ट्रेकिंग संस्थेची वेबसाइट एका सभासदाने दहा वर्षांपूर्वी करून दिली. तो आता परदेशात असतो आणि मेलला उत्तर देत नाही. डोमेनची मुदत दोन महिन्यांत संपते आहे. पत्ता हातचा जाईल का?
— कार्यवाह, नाशिक

जाऊ शकतो, म्हणून आजच हालचाल करा. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे फायली ठेवायची जागा, आणि तिसरे वेबसाइटचे लॉगिन. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, तीन वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात, आणि मंडळांत सर्रास त्या एकच समजल्या जातात. होस्टिंग गेले तर बॅकअपवरून दुसरीकडे सगळे उभे करता येते. पत्ता गेला तर ज्या लेखांत, पत्रिकांत, फलकांवर तो छापला आहे ते सगळे फुकट जाते.

‘हू-इज’ शोधात तुमचा पत्ता टाका. मालकाचे नाव बहुधा झाकलेले असेल, पण रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणाऱ्या) कंपनीचे नाव आणि मुदतीची तारीख दिसेल. त्या कंपनीच्या मदतकक्षाला संस्थेच्या लेटरहेडवर लिहा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र (१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचे किंवा सार्वजनिक न्यास म्हणून मिळालेले), कार्यकारिणीचा ठराव आणि आधीच्या वर्षांच्या पावत्या जोडा. खजिनदाराकडच्या जुन्या फायली इथे कामी येतात. नोंदणीत ‘संस्था’ या रकान्यात मंडळाचे नाव असेल तर दावा सोपा जातो. तिथे फक्त त्या सभासदाचे नाव असेल तर कागदोपत्री डोमेन त्याचेच आहे आणि त्याची संमती लागेल. अशा वेळी वकिलापेक्षा त्याच्या इथल्या नातेवाइकांना फोन करणे जास्त फळाला येते. त्याला एवढेच करायचे असते की खात्यात जाऊन ट्रान्सफरचा कोड काढायचा आणि लॉक उघडायचे. हे मुदतीच्या किमान पंधरवडाभर आधी उरका. नव्याने नोंदलेले किंवा नुकतेच हलवलेले डोमेन साधारण ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मुदत उलटलीच तर डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग लगेच जात नाहीत. रजिस्ट्रारच्या धोरणानुसार ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येते. त्यानंतर ३० दिवस भरमसाट दंड भरून ते सोडवता येते. पुढे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि मग ते कोणीही घेऊ शकतो. जुन्या, चांगल्या संस्थांचे सुटलेले पत्ते जुगाराच्या साइटवाल्यांना हवेच असतात, कारण त्या पत्त्याची पत गुगलमध्ये आधीच तयार असते. डॉट इनची नोंदवही निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते. तिथे अशा सवलतीवर विसंबू नका.

दरम्यान साइट उघडते आहे तोवर तिची प्रत करून ठेवा. ‘एचटीट्रॅक’ हे मोफत साधन दिसणारी सगळी पाने उतरवून घेते.

डोमेन हाती आले की तीन कामे करा. खात्याला जोडलेला ईमेल व्यक्तीचा नको, संस्थेचा हवा, आणि तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडले की ‘पासवर्ड विसरलो’चा मेलही येणार नाही. दुसरे, आपोआप नूतनीकरणावर भिस्त ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांची अशी वसुली भारतीय कार्डांवर बऱ्याचदा अडकते. त्यापेक्षा एकदम पाच वर्षांचे पैसे भरा. कमाल मर्यादा दहा वर्षांची आहे. तिसरे, मुदतीची तारीख वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहा. पासवर्ड मात्र तिथे लिहू नका.

आम्ही १९९० पासून मासिक काढतो. जुने लेख श्रीलिपी आणि शिवाजी फॉन्टमध्ये आहेत. ते साइटवर चढवले की ‘इंग्रजी अक्षरांचा काला’ दिसतो. नवे लेख युनिकोडमध्ये आहेत, तरी साइटवरच्या शोधात सापडत नाहीत.
— मासिकाच्या संपादिका, पुणे

ही दोन वेगळी दुखणी आहेत. जुन्या फॉन्टांत अक्षरे मुळात रोमन अक्षरांच्याच जागी बसवलेली असतात. फॉन्ट निघाला की खालचे रोमन दिसू लागते. म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र जागा देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करण्याला पर्याय नाही. आधी नेमका फॉन्ट ओळखा. श्रीलिपीचेच अनेक आराखडे आहेत, आणि एकाचा रूपांतरक दुसऱ्याला लावला की अर्धी अक्षरे बरोबर आणि अर्धी चूक येतात. सगळेच चूक आले असते तर निदान लगेच कळले असते.

रूपांतरानंतर अख्खा लेख वाचायला वेळ नसेल तर चुका ठरावीक जागीच शोधा. ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होत असे, त्यामुळे ती एक घर सरकते, विशेषतः जोडाक्षरावर. रफार उलट दिशेने सरकतो. ‘श्र’, ‘त्र’, ‘ज्ञ’, ‘द्र’, ‘ह्य’ ही जोडाक्षरे फुटतात. एका ‘सह्याद्री’त त्यांपैकी दोन भेटतात, म्हणून चाचणीला तो शब्द उत्तम. अवतरणचिन्हे आणि आकडे बदलतात. उंची १४०० मीटरची १४०० फूट होत नाही, पण दशांशचिन्हाचा स्वल्पविराम झालेला आढळतो. आकडे मूळ अंकाशी ताडूनच पाहा.

ज्या अंकांच्या फायलीच नाहीत, फक्त छापील प्रती आहेत, ते स्कॅन करा. टेसरॅक्ट या मोफत प्रणालीत मराठीची सोय आहे. गुगल ड्राइव्हमध्ये पीडीएफ गुगल डॉक्स म्हणून उघडली तरी मजकूर निघतो, मात्र त्यासाठी २ एमबीच्या आतले तुकडे करावे लागतात. तेही जमत नसेल तर पीडीएफ तशीच ठेवा आणि तिच्या पानावर लेखाचे नाव, लेखक, महिना, वर्ष आणि चार ओळींचा सारांश युनिकोडमध्ये द्या. वाचक सारांशावरूनच लेखापर्यंत पोचतो. एवढ्या वर्षांचे अंक पूर्ण टाइप करण्याचे संकल्प सहसा तिसऱ्या वर्षावर थांबतात, हे लक्षात घेऊन ठरवा.

आता शोधाचे दुखणे. मराठीत दोन अक्षरे दोन-दोन प्रकारे टाइप होतात आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला अर्धा र एका कळफलकावर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन येतो. दुसऱ्यावर तो साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक यांतून बनतो. तसाच ‘ॲ’. युनिकोडमध्ये त्याला २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली, पण आजही अनेक जण ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देतात. शोधयंत्राच्या लेखी हे वेगळे शब्द आहेत. मोबाइलवर एकाने आणि संगणकावर दुसऱ्याने लिहिले की एकाच साइटवर दोन्ही रूपे नांदतात. उपाय असा: कोणते रूप वापरायचे ते ठरवा (‘ऱ’ आणि ‘ॲ’ ही स्वतंत्र अक्षरे घ्या), डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि ‘शोधा-बदला’ देणाऱ्या प्लगिनने (साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) जुने रूप बदलून घ्या. आधी त्याची ‘कोरडी चाचणी’ चालवून किती जागी बदल होणार ते पाहा.

शिवाय लोक एकाच जागेला वेगवेगळ्या नावांनी शोधतात. हरिहर आणि हर्षगड, सिंहगड आणि कोंढाणा, अलंग-मदन-कुलंग आणि नुसते ‘एएमके’. पर्यायी नावे लेखाच्या पहिल्या परिच्छेदात येऊ द्या आणि रोमन लिपीतले नाव एकदा सारांशात द्या. मराठी माणूसही फोनवर बहुधा रोमनमध्येच शोधतो. शुद्धतेच्या हट्टापायी त्याला परत पाठवू नका.

पानाची लिंक मात्र रोमनमध्येच ठेवा. देवनागरीतली एकेक खूण लिंकमध्ये नऊ चिन्हांची होते आणि वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीत लिंकच्या नावाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. म्हणजे बावीस खुणांपुढचे शीर्षक छाटले जाते, आणि व्हॉट्सॲपवर टाकल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसते. लोकांना ती लिंक फसवी वाटते.

जाता जाता: मराठी मजकुराला अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सजावट लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळींतले अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ पट तरी असू द्या. इंग्रजी थीममध्ये (साइटच्या तयार मांडणीत) ते १.४ च्या आसपास असते, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो.

पक्षिनिरीक्षणाच्या प्रत्येक फेरीनंतर सभासद ८०-१०० फोटो पाठवतात. साइट उघडायला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि होस्टिंगची जागा भरली आहे.
— पक्षिमित्र गट, कोल्हापूर

फोनचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा, ३ ते ५ एमबीचा असतो. कॅमेऱ्याचा याहून मोठा. वाचकाच्या पडद्यावर त्यातले जेमतेम हजारभर पिक्सेल दिसतात. चढवण्याआधी लांब बाजू १६०० पिक्सेल करा आणि जेपीजीची गुणवत्ता ७५ ते ८० ठेवा. बहुतेक फोटो ३०० केबीच्या आसपास बसतील. वेबपी प्रकारात त्याहून लहान होतात. इरफानव्ह्यूसारख्या मोफत साधनात शंभर फोटोंचे हे काम एका फटक्यात होते.

जागा का भरते तेही समजून घ्या. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या पाच-सहा लहान-मोठ्या प्रती आपोआप बनवते. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आला तर दाखवायला लहान प्रत वापरते, पण मूळही जपून ठेवते. म्हणून १०० फोटो म्हणजे सहाशे-सातशे फायली. मूळ फोटो ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा. वेबसाइट ही अल्बमची तिजोरी नव्हे.

आणि शंभर फोटो मुळी टाकायचेच कशाला? एका फेरीचे बारा पुरेत. प्रत्येकाखाली पक्ष्याचे मराठी नाव, शास्त्रीय नाव, तारीख आणि छायाचित्रकार लिहा. शंभर बिननावाच्या फोटोंपेक्षा हे बारा दहा वर्षांनीही उपयोगी पडतील.

तुमच्या गटासाठी याहून महत्त्वाची बाब आहे. फोनच्या फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असतात. घरट्याचा किंवा घुबडाच्या ढोलीचा फोटो मूळ रूपात चढवला की कोणालाही ती जागा काही मीटरच्या अचूकतेने काढता येते. ई-बर्ड ही पक्षिनोंदींची वेबसाइटही संवेदनशील प्रजातींची नेमकी ठिकाणे म्हणूनच झाकते. आकार लहान करतानाच ‘एक्झिफ माहिती (फोटोत लपलेली माहिती) काढा’ हा पर्याय निवडा आणि मजकुरात फक्त तालुका लिहा. विणीच्या हंगामातले घरट्यांचे फोटो हंगाम संपेपर्यंत टाकूच नका.

साइटवरच्या ‘संपर्क’ फॉर्ममधून कोणाचेच मेल येत नाहीत. लोक म्हणतात, पाठवले होते.
— बोन्साय मंडळ, ठाणे

लोक खरे बोलत आहेत. फॉर्म मेल पाठवतो तेव्हा ‘प्रेषक’ म्हणून भरणाऱ्याचा जीमेल पत्ता लावतो आणि मेल मात्र निघतो तुमच्या होस्टिंगवरून. घेणाऱ्या सर्व्हरला ही तोतयेगिरी वाटते आणि तो मेल टाकून देतो. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम आणखी कडक केले.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये प्रेषक तुमच्याच डोमेनवरचा पत्ता ठेवा आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला. मग एसएमटीपीचे (मेल पाठवण्याच्या पद्धतीचे) प्लगिन बसवून खऱ्या मेल खात्यातून मेल पाठवा. डोमेनच्या डीएनएसमध्ये (पत्त्याच्या नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या, नोंदी करा. त्यांचा मजकूर मेल देणारी कंपनी देते. एसपीएफची नोंद एकच असली पाहिजे. जुनी तशीच ठेवून दुसरी जोडली तर दोन्ही निकामी होतात, आणि नव्वद टक्के काम करूनही मेल न येण्याचे कारण बऱ्याचदा हेच निघते. तपासायला स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि ‘मूळ दाखवा’ उघडा. तिथे दोन्हींपुढे ‘पास’ दिसले पाहिजे.

फॉर्ममधला मजकूर डेटाबेसमध्येही साठवायची सोय चालू करा, म्हणजे मेल हरवला तरी निरोप हरवत नाही.

साइट उघडली तर ठीक दिसते. पण गुगलवर आमचे नाव शोधले की खाली जुगार आणि औषधांची पाने येतात.
— सायकल क्लब, नागपूर

साइटमध्ये कोणीतरी घुसले आहे. घुसखोराचा कोड गुगलच्या यंत्राला एक पान दाखवतो आणि तुम्हाला दुसरे, म्हणून तुम्हाला सगळे ठीक दिसते. नेहमीची वाट म्हणजे वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेले प्लगिन, किंवा ‘पैसे न देता मिळालेली’ विकतची थीम. अशा चोरट्या थीममध्ये दार आधीच उघडे ठेवलेले असते.

दिसतील ती खराब पाने एकेक पुसत बसू नका, ती पुन्हा उगवतात. क्रम असा ठेवा. होस्टिंगचा आणि सर्व प्रशासकांचा पासवर्ड बदला. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी प्रशासक असेल तर काढा. आहे त्या स्थितीचा पूर्ण बॅकअप घ्या. घाणेरडा असला तरी घ्या, तुमचे लेख त्यातच आहेत. मग वर्डप्रेसच्या मूळ फायलींचे दोन्ही फोल्डर, ॲडमिनचा आणि इन्क्लुड्सचा, संपूर्ण काढून अधिकृत ठिकाणाहून ताजे आणून ठेवा. प्लगिन आणि थीमही काढून अधिकृत भांडारातून पुन्हा बसवा. त्यांच्या सेटिंग डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे त्या बहुधा टिकतात. अपलोडच्या फोल्डरमध्ये फक्त चित्रे आणि पीडीएफ असायला हवीत. तिथे पीएचपी प्रकारची (प्रोग्रामची) फाइल दिसली तर ती घुसखोराची समजा. कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदलल्या की लॉगिन करून बसलेला प्रत्येक जण बाहेर फेकला जातो. शेवटी एचटीॲक्सेस ही सर्व्हरच्या सूचनांची फाइल उघडून अनोळखी ओळी पाहा.

एक जागा हमखास राहून जाते. गुगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात) तुमच्या साइटच्या मालकांची यादी तपासा. घुसखोर तिथे स्वतःचे नाव घालून ठेवतात आणि मालकीच्या खात्रीसाठी साइटच्या मूळ फोल्डरमध्ये एक छोटी फाइल टाकतात. ती फाइल न काढता नुसते नाव काढले तर तो पुन्हा मालक होतो. साफसफाई झाल्यावर तिथूनच फेरतपासणीची विनंती करा. खोटी पाने ‘सापडत नाही’ असे उत्तर देऊ लागली की काही आठवड्यांत गळून पडतात. कन्सोलमधले काढून टाकण्याचे साधन ती सुमारे सहा महिने नुसती लपवते; त्याला उपचार समजू नका.

पुन्हा हे होऊ नये म्हणून अधिकार कमी करा. कार्यकारिणीतल्या अकरा जणांना प्रशासक करणे हा मान नव्हे, धोका आहे. प्रशासक दोनच असावेत. मजकूर पाहणाऱ्याला ‘संपादक’, नियमित लिहिणाऱ्याला ‘लेखक’ आणि अधूनमधून लिहिणाऱ्याला ‘योगदानकर्ता’ करा. योगदानकर्त्याला लिहिता येते पण प्रसिद्ध करता येत नाही, फोटोही चढवता येत नाहीत. त्याचे फोटो संपादकाने लावावेत. प्रशासकांना दोन टप्प्यांचे लॉगिन सक्तीचे करा. न वापरलेले प्लगिन बंद करून ठेवू नका, काढूनच टाका. बंद प्लगिनची फाइलही बाहेरून गाठता येते.

बॅकअप आठवड्याला एकदा, आणि तो होस्टिंगच्या बाहेर. डेटाबेस, अपलोडचा फोल्डर आणि कॉन्फिग फाइल एवढे असले की साइट परत उभी राहते. वर्षातून एकदा तो बॅकअप रिकाम्या जागेवर उभारून पाहा. न उघडलेला बॅकअप आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला निम्मे लोक चुकीच्या रात्री आले. साइटवर तारीख बरोबर होती.
— खगोलप्रेमी मंडळ, सोलापूर

तारीख बरोबर असेल, पण रात्र दोन तारखांची असते. मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३ आणि १४ डिसेंबरच्या मधल्या रात्री भरात असतो. ‘१४ डिसेंबर, रात्री २’ लिहिले की अर्धे लोक १४ तारखेला जेवून निघतात. असे लिहा: ‘शनिवारी १३ डिसेंबरला रात्री ९ वाजता जमणे, रविवारी १४ च्या पहाटे ५ वाजता परत’. वार लिहाच, त्यावर्षीचा वार दिनदर्शिकेत पाहून घाला, कारण तारखेची चूक वारामुळे पकडली जाते. ‘रात्री १२’ हा शब्दप्रयोग टाळा, ११:४५ लिहा.

साइटचा कालविभागही पाहा. वर्डप्रेस बसवल्यावर तो बहुधा जागतिक वेळेवर असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सेटिंगमध्ये कोलकाता निवडा. नाहीतर सकाळी ७ ला लावून ठेवलेली सूचना दुपारी साडेबाराला झळकते, आणि लोकांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये गेलेली नोंद भलत्याच वेळी वाजते.

कार्यक्रमाच्या पानावर जमण्याची जागा नकाशाच्या खुणेसह द्या. ढग असले तर कार्यक्रम रद्द झाल्याचे किती वाजेपर्यंत आणि कुठे कळेल, ही ओळ कधीही गाळू नका. ‘दुपारी ४ पर्यंत याच पानावर’ असे ठरवले तर ४ वाजता ‘कार्यक्रम होणार आहे’ हेही लिहायचे असते, फक्त रद्द झाल्यावर नव्हे. अमावास्या आधीच ठाऊक असतात. जानेवारीतच त्यांच्या जवळचे सगळे शनिवार एका बैठकीत टाकून मोकळे व्हा. परदेशी दिनदर्शिका मात्र उतरवून घेऊ नका. ययाति तारकासमूहातला ऑगस्टचा उल्कावर्षाव तिथे वर्षातला मोठा कार्यक्रम असतो, इथे त्या रात्री छत्री लागते.

२ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण महाराष्ट्रातून दुपारनंतर खंडग्रास दिसणार आहे. दिवस पावसाळ्याचा असल्याने आकाशापेक्षा तुमच्या साइटवर जास्त गर्दी होईल. साध्या होस्टिंगवर एका वेळी मोजक्याच मागण्या पुऱ्या होतात. म्हणून ग्रहणाचे पान वेगळे आणि हलके ठेवा: वेळा, डोळ्यांची काळजी, एखादे चित्र, बस्स. कॅशिंगचे (तयार पान साठवून देणारे) प्लगिन आठवडाभर आधी चालू करून पाहा, आणि गर्दी झेलणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेची मोफत योजना पुढे उभी करायची असेल तर महिनाभर आधी. त्या दिवशी सकाळी कोणतेही अद्ययावतीकरण करू नका.

सहलीच्या नोंदणीसाठी गुगल फॉर्म वापरतो. एका पालकांनी तक्रार केली की मुलीचा फोन नंबर इतरांना दिसला.
— निसर्ग मंडळ, चिपळूण

दोन जागा तपासा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘निकालांचा सारांश दाखवा’ चालू असेल तर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला इतरांची उत्तरे दिसतात. आणि उत्तरांची शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडी ठेवली असेल तर व्हॉट्सॲपवर फिरलेली एक लिंक पुरते. दोन्ही बंद करा आणि शीट दोन आयोजकांच्या नावानेच वाटा.

मग फॉर्म लहान करा. नाव, फोन, वय, संकटकाळी कळवायचा नंबर आणि काही आजार किंवा औषध असेल तर ते. आधार क्रमांक सहलीला लागत नाही, मागूच नका. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे आणि २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून मुलांचा फॉर्म पालकांनीच भरावा आणि तो पालकांच्या नोंदलेल्या नंबरवर फोन करून पक्का करावा. माहिती कशासाठी घेतो आणि कधी पुसणार हे फॉर्मच्या वरच लिहा. सहलीनंतर ३० दिवसांनी शीट पुसा, ड्राइव्हच्या कचरापेटीतूनही. हिशेबासाठी फक्त नाव आणि रक्कम खजिनदाराच्या वहीत राहू द्या.

आमचे नाणेसंग्राहकांचे पंचवीस जणांचे मंडळ आहे. नव्या कार्यकारिणीला वेबसाइट ‘आधुनिक’ करायची आहे. वर्डप्रेस घ्यावे का?
— चिटणीस, सांगली

पाच पाने असतील आणि महिन्यातून एखादाच बदल असेल तर नको. वर्डप्रेस बसवायला सोपे आहे, पण ते दर महिन्याला निगा मागते. गुगल साइट्स फुकट आहे आणि त्यात अद्ययावत ठेवायचे काही नाही. एखादा सभासद संगणकातला जाणकार असेल तर ह्यूगोसारख्या साधनाने साधी पाने बनवून गिटहब या फायली ठेवण्याच्या सेवेवर फुकट ठेवता येतात. तिथे एका साइटला १ जीबीची मर्यादा आहे, नाण्यांच्या फोटोंना ती भरपूर झाली. फक्त गिटहबचे खाते त्याचे नको, मंडळाचे हवे.

रूप बदलायचे तर बदला, पण जुन्या पानांचे पत्ते मोडू नका. हलवण्याआधी सर्व पानांची यादी करा आणि प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर ‘३०१’ प्रकारची कायमची वळणवाट द्या. गुगल साइट्स आणि गिटहबवर ही वळणवाट जशी हवी तशी देता येत नाही. तिथे जायचे असेल तर पानांची जुनी नावेच ठेवा. हलवण्याच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरली जाते तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे चुकले तर पाच-दहा मिनिटांत मागे येता येते. जुने होस्टिंग पुढचा महिनाभर चालू ठेवा आणि तिथल्या मेलपेट्या रिकाम्या केल्याशिवाय बंद करू नका. वेबसाइट हलवताना मेल जुन्याच जागी होता हे बहुधा बंद केल्यावर आठवते.